गांधारीचा चेहरा

"हलू नगंस, राही. पट्टी सरकती."

सयाजीनं कॅनव्हासवरचा ओला चेहरा पुन्हा फडक्यानं पुसून काढला. समोरच्या पाटावर त्याची बायको राहीबाई डोळ्यांना पांढरं फडकं बांधून बसली होती. चित्रात कुरुक्षेत्र होतं. मोडके रथ होते, पोरांची प्रेतं होती. ते सगळं साधलं होतं. गांधारीचा चेहरा तेवढा हाताला लागत नव्हता.

अर्धं आयुष्य सयाजीनं सांगलीतल्या एका छापखान्यासाठी पुराणातल्या गोष्टींची चित्रं काढली. त्याची सीता गोड, त्याची द्रौपदी गोड. रडणारी बाईसुद्धा अशी गोड, की बघणाऱ्याला तिचं दुःख शिवू नये. ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांचा एकुलता एक मुलगा नाथाजी पडल्याचं कळलं, आणि त्यानं छापखान्याचं काम सोडलं. आता एकच चित्र काढायचं. मोठं आणि खरं. पण हात जुनाच होता. गांधारी काढायला जावं, तर कॅलेंडरवरची लक्ष्मी उमटायची.

आणि राहीबाई रडत नव्हती. बातमी आल्यापासून सयाजीनं तिच्या डोळ्यांत टिपूस पाहिलं नव्हतं. ती भाकऱ्या थापायची, धुणं घेऊन कृष्णेवर जायची, तो सांगेल तेव्हा पाटावर बसायची. शिराळ्याहून भेटायला आलेली त्याची थोरली बहीण दगडाबाई जाताना कानात सांगून गेली होती, "सयाजी, हिला रडीव रं. आतल्या आत कोंडलेली बाई टिकत न्हाई."

तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. पोरगा गेला, आता हीही जाणार. चित्र बघून तरी तिला रडू फुटेल, अशी वेडी आशा त्यानं धरली होती. आणि चित्रच होत नव्हतं.

त्यानं ब्रश भिरकावला. तिच्यापुढं गुडघे टेकले आणि तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

"मेला गं आपला नाथा! त्याच्या मातीलाबी जाता आलं न्हाई आपल्याला. आता तरी रड! तुझ्या पाया पडतो, रड!"

राहीबाईनं स्वतःच पट्टी सोडली. तिचे डोळे लाल होते, सुजलेले होते. पापण्यांच्या कडा सोलवटल्या होत्या. इतक्या जवळून त्यानं ते कित्येक महिन्यांत पाहिलेच नव्हते.

"मी रोज रडते," ती हळू म्हणाली. "नदीवर, धुण्याच्या दगडापाशी. घरात कुणाम्होरं रडू? बातमी आली तवाबी तुमी चित्राकडंच तोंड करून बसला. आवं, रडला न्हाई ते तुमी."

सयाजी काहीतरी बोलायला गेला. शब्दाऐवजी गुरासारखा हंबरडा बाहेर पडला. राहीबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी तो रडतच होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गांधारी पुसून काढली आणि तिच्या जागी धृतराष्ट्र काढायला घेतला. त्यासाठी पाटावर कुणाला बसवावं लागलं नाही.