कागेंडोची जमीन

"आज तू तोंड उघडायचं नाहीस," कचेरीच्या पायरीवर कागेंडोनं नवऱ्याला बजावलं. "तुला काही ठाऊक नाही. तू त्या झाडाखाली बसून राहायचं."

पालुकूनं मान डोलावली, पण त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. तीन वर्षं दोघं रविवारी मेरू भागातल्या डोंगरउतारावर लोकांच्या जमिनी बघत हिंडले होते. कुठं पाणी नव्हतं, कुठं भावाभावांत भांडण. शेवटी न्कुबू गावाच्या वर, चहाच्या मळ्यांखाली, मुरुंगी म्हाताऱ्याची दोन एकर मिळाली. आज जमीन मंडळानं विक्रीला हो म्हटलं की झालं.

एवढ्यात फाटकातून एक पिकअप आत शिरली. मागं काळ्या पिशव्यांतली अवोकॅडोची साठ कलमं, वाऱ्यावर माना हलवत उभी.

कागेंडोनं कपाळावर हात मारला. "अरे, अजून होकार नाही, आणि तू वरात बोलावलीस?"

"कलमं तयार झालीत," पालुकू म्हणाला. "आणखी थांबली तर मुळं पिशवीत गुंडाळतात."

आतून कागेंडोचं नाव पुकारलं आणि ती आत गेली.

पालुकू झाडाखाली बसला, उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आत टेबलामागं साहेब आणि गावची पाच वडीलधारी माणसं. समोर मुरुंगी, त्याची बायको करांबू आणि कागेंडो. मुरुंगीनं सांगितलं, विकायला राजी आहे. कागेंडोनं सांगितलं, घ्यायला राजी आहे. मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं सहज बाहेर पाहिलं.

"ती गाडीतली कलमं कुणाची?"

सगळ्या माना वळल्या. खिडकीत पालुकूचा चेहरा.

"आत ये," साहेब म्हणाले. "कुठला तू?"

"काँगोचा, साहेब. हिचा नवरा." त्याची काँगोची स्वाहिली ऐकून मागं कोणीतरी फिसकन हसलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "परदेशी माणसाला इथं शेतजमीन घेता येत नाही. बायकोला पुढं करून घेतली तरी नाही. जमीन नक्की कोण घेतंय?"

पालुकूला कळलं, आपल्याच उतावीळपणानं आपण सगळं घालवलं. त्यानं बायकोकडं बघायचंही टाळलं.

कागेंडो उठली. "मी घेतेय, साहेब. नाव माझं, सही माझी. उद्या याला हाकलून दिलं तरी जमीन माझीच."

"मग ती कलमं?"

"कलमं त्याची. त्याला दम निघत नाही."

खोलीत हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. पालुकूकडं बघत ते पेन बोटांत फिरवत राहिले.

तेवढ्यात करांबूनं काठी आपटली. "विकणाऱ्याच्या बायकोला विचारल्याशिवाय शिक्का मारता येत नाही ना, साहेब? मग मला याला एक विचारायचंय. त्यावर माझं हो की नाही ते सांगते." ती पालुकूकडं वळली. "जावईबापू, फळ धरायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर या पोरीनं तुला घराबाहेर काढलं, तर झाडं हिची आणि तू रस्त्यावर. कागदावर तुझं नावसुद्धा नाही. मग एवढा नाचतोयस कशाला?"

पालुकूनं कागेंडोकडं पाहिलं. तिनं हनुवटी जराशी उचलली. बोल.

"आजी, काँगोत बेनीजवळ माझी चार एकर आहे," तो म्हणाला. "कागद माझ्याच नावाचा, शिक्क्यासकट. तिथं आता बंदूकवाले राहतात. नाव तिथं आहे आणि मी इथं." तो थांबला. मग त्याला हसूच फुटलं. "आता जरा उलटं करून बघतो. नाव नसलं तरी चालेल. मी तिथं असलो की झालं."

करांबू त्याच्या हातांकडं बघत होती. नखांत माती होती, अंगठ्यावर कलमाच्या चाकूचे जुने व्रण.

"माझं हो आहे," ती म्हणाली.

साहेबांनी मंडळींकडं पाहिलं. पाचही माना हलल्या. शिक्का उठला आणि धाडकन पडला.

"जमीन बाईची. कलमं कुणाची, हे मंडळ विचारत नाही. पुढचे कोण?"

पालुकू बाहेर आला तो जवळजवळ धावतच. त्यानं पिकअपच्या ड्रायव्हरला मिठी मारली, मग मुरुंगीला, मग एका भलत्याच माणसाला, जो दुसऱ्याच कामासाठी आला होता. कागेंडो कागद छातीशी धरून पायरीवर उभी होती आणि तिचं हसू थांबत नव्हतं.

करांबू काठी टेकत खाली उतरली. कागेंडोजवळून पुढं जात ती सरळ पालुकूकडं गेली, त्याचं कोपर धरलं आणि त्याला तिथंच, अंगणातल्या लाल मातीत, खाली बसवलं. मग काठीच्या टोकानं तिनं एक रेघ ओढली.

"ही वरची कड. इथं खाली दगड आहे, खोल खणू नकोस. इथं एप्रिलच्या पावसात पाणी साठतं. तुझी कलमं कुजतील, इथं अळूच लाव."

"आणि वारा?" पालुकू गुडघ्यांवर पुढं सरकला. "वारा कुठून येतो?"

"या अंगानं. इथं आडोसा कर. मी केला नाही, म्हणून माझी केळी दोनदा आडवी झाली."

मुरुंगी फाटकातून हाका मारत होता, गावाकडची गाडी सुटतेय म्हणून. करांबूनं ऐकलंच नाही. ती आणखी एक रेघ ओढत होती आणि पालुकू श्वास रोखून तिच्या काठीमागं डोळे फिरवत होता.

कागेंडो कागद सांभाळत, नवे बूट धुळीतून उचलत जवळ आली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकली.

"मलाही बघू द्या की, आजी! जमीन माझी आहे!"

करांबूनं मान वर केली नाही.

"मग बूट काढ आणि खाली बस."