धोंड्याचं ताट आणि क्यूबा

पुंजारामतात्यांनी फोनच्या माइकवर अंगठा दाबला, घसा खाकरला आणि "हे बघा पाव्हणे, लई झालं" एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या थोरल्या भावानं, संध्याच्या अण्णांनी, त्यांचं मनगट धरलं.

"अंगठा उचलू नको, पुंजा! उचललास की गेलं पैठणला!"

तात्यांचा अंगठा जिथल्या तिथं थिजला. संध्या धावली. तिनं काकाचा अंगठा तसाच धरून काचेवर डावीकडं सरकवला, तेव्हा कुठं ते बोलणं पुसलं गेलं. ती खाली बसली, लगेच उठली, खिडकीतून खाली गुलमंडीच्या बाजारातली गर्दी बघून आली, पुन्हा बसली. सकाळपासून तिचा पाय जमिनीला ठरत नव्हता.

झालं होतं एवढंच. अधिक महिन्यात दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला एकाच दिवशी बोलावलं. धाकटा ऋतुराज, त्याला गाडी गाठायची घाई, म्हणून पाय त्याचे आधी धुतले. थोरला शिवराज आणि त्याची आई भरल्या ताटावरून उठून पैठणला गेले, आणि त्याची बायको संध्या राहिली माहेरी. अधिक सरला, निज लागला. आणून घालणं इकडच्या मानात बसेना, न्यायला येणं तिकडच्या.

आता अण्णांच्या फोनवर दोन निरोप येऊन पडले होते. रात्रीच्यात शिवराजचा एकट्याचा आवाज होता, मागं कुत्री भुंकत होती. "अण्णा, झालं गेलं सोडा. हिच्याबिगर घर खायला उठतंय." सकाळच्यातही शिवराजच, पण पाठ केल्यासारखा, आणि मागून आई नि मामा शब्द पुरवताना ऐकू येत होते. "धाकट्या जावयानं पैठणला यावं, चार माणसांत माझे पाय धरावेत. नायतर सोडचिठ्ठीचं बोलू."

"मी सांगतो, वकीलच करू," तात्या म्हणाले. ते वैजापूरला कांद्याचे व्यापारी. भाव पडला की बोली मोडून मोकळे.

अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. घोर लागला की त्यांना गोष्ट सुचायची, आणि त्यांच्या गोष्टीत पदरचं मीठ इतकं असायचं, की घरातले आधी चव घेत, मग विश्वास ठेवत.

"बासष्ट साल," ते म्हणाले. "रशियानं अमेरिकेच्या परसात, क्यूबात, अणुबॉम्बची रॉकेटं नेऊन मांडली. अमेरिकेनं समुद्रात जहाजांचं कडं केलं."

"दादा, इथं पोरीचं घर मोडायलंय, अन् तुम्ही क्यूबाला निघालात!"

"ऐक तर. पाण्याखाली रशियाची एक पाणबुडी. वरून अमेरिकेचे दणके. आत उकाडा असा, की माणसं चक्कर येऊन पडायलीत. वर युद्ध पेटलं का नाय, कळायला मार्ग नाय. अन् पोटात अणुबॉम्बचा गोळा. तो सोडायला तीन साहेबांचा होकार लागायचा. दोघं तयार झाले."

"अन् तिसरा?" द्वारकाबाई, संध्याची आई, स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभ्या होत्या.

"तिसरा म्हणला, आधी वर जाऊन बघू."

"खरं का हे?" तात्यांनी डोळे बारीक केले.

"माझ्या जन्मात मी सांगितलेलं एवढंच खरंय," अण्णा दुखावून म्हणाले.

"मग मिटलं कसं?" संध्यानं विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

"रशियाच्या म्होरक्याची दोन पत्रं आली. पहिलं मऊ. त्यात म्हणला, दोरीला गाठ पडलीय. दोन्हीकडून ओढत बसलो तर अशी आवळंल, की कापावीच लागंल. लगेच दुसऱ्या दिवशी दुसरं. ते रेडिओवरून, साऱ्या जगाला ऐकू जाईल असं. त्यात नुसत्या अटी. अमेरिकेवाले चक्रावले. कोणतं खरं धरावं?"

"अन् काय केलं?"

"पहिल्याला उत्तर दिलं. दुसरं जणू आलंच नाय."

संध्या उठली. तात्यांच्या हातातला फोन तिनं काढून घेतला. सकाळचा निरोप ओलांडून ती वर गेली, रात्रीच्या निरोपावर बोट ठेवलं आणि माइक दाबला.

"अहो, रात्रीचा निरोप मिळाला." तिनं घड्याळाकडं पाहिलं. "मी दुपारच्या यष्टीनं निघते. अण्णा काय मला आणून घालत नायत. तुम्हीबी न्यायला येऊ नका. पैठणच्या स्टँडवर तुमचं काही काम निघालं तर बघा."

तिनं अंगठा उचलला.

"अगं पण सकाळचं?" तात्या किंचाळले.

"सकाळी कुठं काय आलंय, तात्या?"

चौघं त्या फोनकडं बघत राहिले. तात्यांनी तो उचलून हलवला, कानाला लावला, पुन्हा ठेवला. स्वयंपाकघरात पोळी करपल्याचा वास सुटला, तरी द्वारकाबाई हलल्या नाहीत.

वाजला तो आतल्या खोलीतला, संध्याचा स्वतःचा फोन.

ती धावली. दार लागलं. दाराआडून तुटक शब्द येत होते. "हं... स्टँडवर काम निघालं का?... बरं अहो, तेवढं मी करते. पण तुमच्या-माझ्यातच ऱ्हाऊ द्या." मग एक दाबलेलं हसू.

तात्या दारापाशी पोचले होते. "काय कबूल केलं तिनं? दादा, इचारा की!"

अण्णांनी त्यांना बाहीला धरून मागं ओढलं.

"अमेरिकेनंबी तवा एक गोष्ट गुपचूप कबूल केली होती. तुर्कस्तानातली आपली रॉकेटं काढून घेतो म्हणून. जगाला कळायला पंचवीस वर्षं लागली. बस खाली."