पुढचा बोर्ड वाच

"बाबा, जरा जल्दी चला ना!" रुचिर मागच्या सीटवरून ओरडला. "आईचा जीव जातोय आणि तुम्ही बैलगाडी हाकताय!"

यज्ञेश्वररावांनी आरशातून मागे पाहिलं. समोर स्पीड ब्रेकर होता. त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तशी अलगद पलीकडे उतरवली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शेजारच्या सीटवर अनसूयाबाई छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठांत महाकाळाचं नाव.

सकाळपर्यंत त्या ठणठणीत होत्या. रुचिर समोरचे पोहे तसेच टाकून उठला, जाऊन आडवा झाला. थोड्या वेळाने त्यांनी छातीला हात लावला आणि म्हणाल्या, "माझा जीव घाबरतोय हो." मग मात्र रुचिर ताडकन उठला. खरं तर हॉस्पिटलशी त्याचा छत्तीसचा आकडा. काल रात्री याच रस्त्यावर स्कूटर घसरली, तेव्हाही त्याने कोपराला पट्टी लावून विषय संपवला होता. वडिलांनी डॉक्टरांचं नाव काढलं तर अंगावर धावून गेला. पण आईचं नाव निघालं की तो वेगळाच माणूस. गाडीची किल्ली त्यानेच शोधली. ती वडिलांनी हातातून काढून घेतली.

"तू मागे बस. तू ऐंशीने पळवशील, पुन्हा चालान येईल."

चालानाची धास्ती त्यांना होतीच. गेल्या महिन्यात चाळीसच्या हद्दीत जास्त वेगाने गेल्याचं चालान घरी आलं होतं. बँकेत आयुष्य नियमाने काढलेला माणूस, जिव्हारी लागलं. तेव्हापासून रस्त्यावरचा एकेक बोर्ड ते मोठ्याने वाचत; या वाटेवरचे तर पाठच झाले होते. घरचे हसत.

आणि बोर्ड तरी कसले! रस्त्याची कामं निघाली तशी नवे खांब उभे राहिले, जुने कोणी काढले नाहीत. वेगमर्यादा म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचे सल्ले झाले होते. प्रत्येकाचा वेगळा, आणि ऐकला नाही की शिक्षा ठरलेली.

"चष्मा घरी राहिला," यज्ञेश्वरराव म्हणाले. "रुचिर, पुढचा बोर्ड वाच."

"चष्म्याशिवाय गाडी चालवताय? कमाल आहे! चाळीस."

"बरं."

गाडी पंचविसाच्या वर गेली नाही. रुचिरने कपाळावर हात मारला आणि तो हात तिथेच ठेवला.

पुढच्या चौकात गर्दी तुंबली होती. एक टॅक्सीवाला खिडकीतून मान काढून ट्रॅफिकच्या हवालदाराशी वाद घालत होता. "भैया, इधर चालीस लिखा है, उधर साठ. मानें किसको?"

"जो छोटा है उसको मानो," हवालदार म्हणाला. "और गाडी बढाओ."

"ऐकलंत?" रुचिर म्हणाला. "सगळ्यांचंच डोकं फिरलंय इथं. चष्मा कुठाय तुमचा?"

"घरी राहिला."

"मग चालवताय कशाला?"

अनसूयाबाई कण्हल्या. डोळे उघडून त्यांनी मागे वळून पाहिलं. रुचिर एक डोळा मिटून बाहेर बघत होता.

"काय रे?"

"ऊन लागतंय. तू बोलू नको आई, शांत बस. आलंच आता."

"तू बोल माझ्याशी. झोपू नको."

"झोपतो कुठं? तू अशी असताना?" लहानपणी ताप आला की ती रात्रभर उशाशी बसायची, तेवढंच त्याला आठवत होतं. तिला काही झालं तर आपलं कोण, या विचाराने त्याला मळमळायला लागलं.

"पुढचा बोर्ड वाच," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"कुठला?"

"डावीकडचा. मोठा आहे."

"साठ."

यज्ञेश्वररावांनी बोर्डाकडे पाहिलं, मग बायकोकडे. वेग वाढवला नाही.

"साठ लिहिलंय! दोन-दोन बोर्ड लावतात, एकही मानत नाही तुम्ही!"

"बरं. आणि हा?"

टावर चौक आला होता. दुकानांपुढे गाड्या, गाड्यांपुढे माणसं. मुंगीलाही वाट मिळायची नाही. रुचिरने बराच वेळ बाहेर पाहिलं.

"नव्वद," तो म्हणाला.

चिडलेला मुलगा बापाला काहीही उत्तर देतो. पण यज्ञेश्वरराव रागावले नाहीत. त्यांनी दिवे लावले, हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी अशी काढली की हातगाडीवाले ओरडत बाजूला झाले. एक लाल सिग्नल मागे पडला. जन्मात पहिल्यांदा.

"आता सुचलं!" रुचिर पुटपुटला. मग हळूच म्हणाला, "बाबा, चष्मा कुठाय तुमचा?"

अनसूयाबाईंनी पदर तोंडात धरला होता.

हॉस्पिटलच्या आवारात शिरताच यज्ञेश्वररावांनी वरच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, इमर्जन्सीचा फलक शोधला आणि गाडी थेट दारापाशी नेली. दोघेजण स्ट्रेचर घेऊन धावत आले. मागोमाग डॉक्टर.

"माताजी, हिलिए मत," त्यांच्यातला एक म्हणाला.

अनसूयाबाई दार उघडून उतरल्या. छातीवर हात नव्हता. तरातरा मागच्या दाराशी गेल्या.

"आई, तू कशाला उठलीस?" रुचिर म्हणाला. तो उतरायला गेला आणि त्याचा पाय जमिनीवर ठरेना. दोन्ही बाजूंनी आईबापांनी त्याला धरलं आणि स्ट्रेचरवर आडवं केलं.

डॉक्टर गोंधळले. "पेशंट कौन है?"

"ये," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि आता कुठे त्यांना रडू फुटलं. "कल सिर के बल गिरा है. अपने लिए नहीं आता था, मेरे लिए आ गया."