भरपाई

नालवाडीतल्या घरासमोर उभी केलेली आमची गाडी कुणीतरी ठोकून गेलं. चाकच वाकलं, गाडी जागची हलेना. माझा विमा नुसता थर्ड पार्टी. भरपाई मिळायची तर ठोकणाऱ्याच्याच विम्यातून, आणि त्यासाठी त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करायला हवी. माझ्या बायकोला, सुमतीला, एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं, रिक्षाचे धक्के तिला सोसत नाहीत. मला परक्यांशी बोलायला जमत नाही, तरी घरोघर विचारत फिरलो. कुणीच काही पाहिलं नव्हतं.

शेवटी शेजारचा नयनच धावून आला. "काकाजी, टेन्शन काऊन घेता? काकूले मी नेतो ना!" आणि खरंच, ऑफिसला उशीर करून तो तिला नेऊ-आणू लागला.

आज कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. गाडी मागे घेताना आमची गाडी ठोकणारा नयनच होता.

तक्रार केली तर सुमतीला नेणार कोण? नाही केली, तर आमची गाडी दुरुस्त कशी होणार? रडकुंडीला येऊन मी तिलाच सगळं सांगितलं. तेवढ्यात बाहेर नयनचा हॉर्न वाजला.

सुमतीने शांतपणे पायात चपला सरकवल्या.

"मले पह्यल्याच दिवशी माहीत होतं, खिडकीतून पाह्यलं होतं मी. पन चूप बसा तुम्ही. एकदा भरपाई देऊन मोकळा झाला, का मंग तो कायले येते?"