बसमधलं रेकॉर्डिंग

नोमान आमच्या दुबईतल्या साइटवरचा गवंडी. दुपारच्या सुट्टीत कामगारांच्या बसमध्ये तो मोबाईलवर रॅप रेकॉर्ड करायचा. एसीची घरघर गाण्यात येते, म्हणून त्या दुपारीही इंजिन बंद होतं. साइटवरची उष्णता मोजणं माझं काम; आत माझ्या तापमापकावर सत्तेचाळीस अंश. गाणं त्याच्या मित्रावर, तहावर होतं. तो आदल्या आठवड्यात परांचीवर उन्हाने कोसळला, वाचला नाही. कंपनीने कारण लिहिलं, हृदयविकार. नोमान डोक्यावरून चादर ओढून गाऊ लागला. तीस माणसं घामाने निथळत बसली होती, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. अशी शिस्त मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती. शेवटी तो चादरीबाहेर आला. “मॅडम, त्या दिवसाचं तापमान तुम्हीच मोजलंत. आकडा तुमच्या आवाजात द्या ना. नाव नको.” “हबीबी, मॅडमची नोकरी घालवशील!” मागून कोणीतरी म्हणालं. मी मोबाईल घेतला. आकडा सांगितला, वेळ सांगितली, मग माझं पूर्ण नाव.