सालींची बादली

वरच्या मजल्यावरच्या साळूमावशी गच्चीतल्या कुंड्यांच्या खतासाठी रोज आमच्याकडून भाजीच्या सालींची बादली न्यायच्या. न्यायच्या आधी माझ्यादेखत हात घालून सगळं खालीवर करायच्या. आमच्या घरात काय शिजतं, ते ही बाई साऱ्या पुंडलिकनगराला सांगत असणार, याची मला खात्रीच होती. नवऱ्याची वाळूजची नोकरी गेल्याचं आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं आणि आठवडाभर बादलीत नुसता चहाचा चोथा पडत होता.

आज त्यांनी बादली भरलेलीच परत आणली.

"आता आमचा कचराही चालेना का, मावशी?" मी फणकारले.


त्या हळूच म्हणाल्या, "खाली वांगी अन् मेथी हाय. वरून साली टाकल्यात, म्हंजी जिन्यात कुणी काय इचारणार नाय."