चाळीस तागे

मंत्र्यांना रस्त्यालगतच्या निर्वासितांच्या बराकी दिसू नयेत म्हणून सरकारने उल्हासनगरला चाळीस तागे कोरं कापड धाडलं. इथे रेशनवर एक धोतर मिळायची मारामार! कॅम्पाचा शिपाई म्हणून ते कापड रस्त्याकडेच्या बांबूंना मीच बांधत होतो, मनात शिव्या घालत. एवढ्यात बराकीतून एक सिंधी म्हातारी धावत आली. आत चार कुटुंबं होती, मधे आडोसा नाही, आणि तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे होते. "बेटा, एक टुकडा दे दे," ती म्हणाली. मी गाठ सोडायला लागलो. "गोमा, हात लावू नकोस! बराक दिसेल," साहेब खेकसले. मी गाठ पुन्हा आवळली. म्हातारीने आडोशासाठी डोक्यावरची ओढणी काढली आणि तशीच आत गेली. तासाभराने मंत्र्यांची मोटार न थांबता गेली. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते.